हातचं राखून

ती यादी एमेट हॉकेटने पहिल्यांदा पाहिली ती जुलैच्या अखेरीस, खेळाडूंच्या भोजनगृहात, दुपारच्या जेवणाला. प्रशिक्षकांच्या कचेरीतल्या एका कागदाचा कुणीतरी फोटो काढला होता आणि तो एका फोनवरून दुसऱ्या फोनवर फिरत फिरत त्यांच्या टेबलापर्यंत आला होता. शंभरएक नावं, आणि प्रत्येक नावापुढे एक आकडा.

विद्यापीठाने अमेरिकन फुटबॉलच्या खेळाडूंना उघडपणे पैसे द्यायला सुरुवात करून तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. पैसे त्याआधीही मिळत. पण ते कुणा गाडीविक्याच्या जाहिरातीतून, कुणा धनाढ्य माजी विद्यार्थ्याच्या मर्जीतून, आणि दुसऱ्याला किती मिळतात हे विचारण्याची रीत नव्हती. आता एक मोठी थैली होती, आणि तिच्यातून कोणाला किती द्यायचं ते हेड कोच स्टीगर ठरवत.

एमेट टेबलावरच्या इतरांसारखाच आधी स्वतःचं नाव शोधायला गेला. चाळीस हजार डॉलर. त्याला ते कमी वाटले नव्हते, अगदी त्या क्षणापर्यंत. त्याच्या बापाचं टायर दुरुस्तीचं दुकान वर्षाला त्याहून थोडंच जास्त कमावत असे. मग नजर वर सरकली आणि पहिल्या ओळीवर थांबली. टेट कॉल्डवेल, क्वार्टरबॅक, सोळा लाख.

"बघू," म्हणत ल्युसियन बातिस्तने त्याच्या हातातून फोन घेतला. ल्युसियन एमेटच्या एक वर्ष मागे; दोघं तीन वर्षं एका घरात राहत होते आणि तीन वर्षं मैदानात एका फळीत उभे राहत होते. ही फळी पाच जणांची. मधला एमेट, तो दोन पायांमधून चेंडू मागे द्यायचा. बाकीच्या चौघांनी चेंडूला हातही लावायचा नाही. समोरून येणारी धाड अंगावर घ्यायची, आणि मागे उभ्या क्वार्टरबॅकला चेंडू फेकायला तीन सेकंद मिळवून द्यायची, एवढंच काम. त्यातही ल्युसियनची जागा सगळ्यांत अवघड. तो डावीकडे टोकाला. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकताना उजवीकडे तोंड करून उभा राहतो, त्याला डावीकडून येणारा माणूस दिसत नाही. तिथे ल्युसियन हेच त्याचे डोळे.

ल्युसियनने स्वतःचा आकडा पाहिला. पंचावन्न हजार. त्याने फोन परत दिला आणि कोंबडीचा तुकडा तोंडात टाकला.

"म्हणजे त्याचा एक दात माझ्यापेक्षा महाग आहे," तो म्हणाला.

टेबलावर हशा पिकला. पण पुढच्या टेबलावर कोणी हसलं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. एरवी त्या जागेत इतका गलका असे की शेजारच्याशी बोलायला ओरडावं लागे. त्या दुपारी काट्याचमच्यांचे आवाज ऐकू येत होते. तेवढ्यात टेट कॉल्डवेल ताट घेऊन आत आला, बसायला जागा शोधत उभा राहिला, आणि दोनशे डोळे एकदमच आपापल्या ताटात वळले.

एमेट सरकला आणि त्याने शेजारची खुर्ची मागे ओढली. फळीचा कप्तान तो होता, दुसरं कोण करणार.

टेट वीस वर्षांचा होता. टेनेसीतल्या एका गावचा, तीन वर्षांत हे त्याचं तिसरं विद्यापीठ. यादीतल्या आकड्यावरून मनात जो माणूस उभा राहतो तसा तो अजिबात नव्हता. सगळ्यांना नावाने ओळखायचा, भांडी उचलणाऱ्या बायकांना थँक्यू म्हणायचा. ऑगस्टमध्ये त्याने फळीतल्या पाचही जणांना मगरीच्या कातड्याचे बूट आणून दिले. क्वार्टरबॅकने आपल्या फळीला काहीतरी भेट द्यायची ही जुनी चाल. चौघांनी बूट घातले. ल्युसियनने खोका तसाच बिछान्याखाली सारला.

"मापाचे नाहीत का?" एमेटने विचारलं.

"मापाचे आहेत. आईच्या घरावर दोन वर्षं निळी ताडपत्री आहे रे. वादळात छप्पर गेलं ते गेलंच. आणि मी मगर पायात घालून फिरू?"

"त्याने काय वाईट केलंय तुझं?"

"काहीच नाही," ल्युसियन म्हणाला. "तेच तर अवघड आहे."

यादीचा परिणाम आधी उजवीकडे दिसला. फळीच्या उजव्या टोकाचा गडी ऑगस्टमध्येच उठला आणि जास्त पैसे देणाऱ्या दुसऱ्या विद्यापीठात गेला. त्याच्या जागी स्टीगरनी एक नवा विकत घेतला, अंगाने दांडगा पण पावलं जड. स्टीगरनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "संघ हा घरासारखा असतो असं मी म्हणणार नाही. तुम्ही मोठे झालात. ज्याने त्याने आपल्या किमतीला उतरावं, मग आपण जिंकू." फळीचे प्रशिक्षक डूली भिंतीला टेकून उभे होते. एकसष्ट वर्षांचे, दोन्ही गुडघे धातूचे. त्यांनी टोपी काढली, आत पाहिलं आणि परत घातली.

सुरुवातीला जिंकलेही. सहापैकी पाच. सराव संपल्यावर टेट एमेटला थांबवून घ्यायचा. समोरची माणसं कशी उभी आहेत ते पाहून धाड कुठून येणार हे ओळखायचं आणि फळीला ओरडून सांगायचं, हे काम सेंटरचं, म्हणजे मधल्या गड्याचं. टेटला ते शिकून घ्यायचं होतं.

"तुला कशाला पाहिजे? मी आहे ना," एमेट म्हणाला.

"गर्दीच्या आवाजात मला तुझं ऐकू येत नाही," टेट म्हणाला. मग हेल्मेटमधलं गवत काढत हळूच बोलला, "आणि खरं सांगू? मला भीती वाटते. इथे आल्यापासूनच वाटते. आधी नाही वाटायची."

"कशाची?"

"माझ्या करारात आहे, दहा सामने खेळलो तरच पूर्ण पैसे. नाहीतर निम्मे. बाबांनी नोकरी सोडलीय, माझंच सगळं बघतात. घर घेतलंय. आता मी पडलो तर एकटा पडत नाही."

 एमेट म्हणाला, "आम्ही पडू देणार नाही."

ऑक्टोबरच्या मध्यावर ल्युसियन त्याला हमरस्त्यावरच्या एका बार्बेक्यूच्या हॉटेलात घेऊन गेला. कोण भेटणार ते सांगितलं नाही, फक्त म्हणाला, "तू नुसता बसून राहा. एकट्याने ऐकायला नको वाटतं."

तिथे प्राइस नावाचा गृहस्थ बसला होता. पन्नाशीचा, स्वच्छ दाढी केलेला, चर्चमध्ये पहिल्या बाकावर दिसावा तसा. हंगाम चालू असताना दुसऱ्या विद्यापीठाने कुणाच्या खेळाडूशी बोलणं नियमात बसत नाही, म्हणून प्राइस सगळं "माझा एक मित्र" म्हणून बोलत होता.

"माझ्या एका मित्राला पुढच्या वर्षी डावीकडचा गडी हवाय," तो बरगडीचं मांस सोलत म्हणाला. "सहा लाखांपर्यंत जाईल. जानेवारीत संघ बदलायचं दार उघडलं की."

ल्युसियनने हातातला काटा खाली ठेवला. "सहा लाख."

"आकडा आज आहे, जानेवारीत असेलच असं नाही. माझा मित्र घोडा घेतो तेव्हा आधी पाय बघतो." तो हसला. ल्युसियनचा उजवा पाय टेबलाबाहेर लांब केलेला होता. प्राइसने त्याकडे पाहिलं. "सुजलाय का?"

"नाही."

"छान. मग पाय जपा. बाकी मी काहीच म्हणत नाही."

त्याने खरंच बाकी काही म्हटलं नाही. मक्याच्या पावाला लोणी लावलं, ल्युसियनच्या आईची चौकशी केली आणि बिल देऊन निघून गेला.

परत येताना गाडीत एमेट म्हणाला, "सुजलाय की."

"थोडासा."

"डूलींना सांग."

"सांगितलं तर काय होईल? एमआरआय काढतील, कागदावर येईल, आणि तो कागद प्राइसच्या मित्रापर्यंत पोचायला दोन दिवस लागणार नाहीत." ल्युसियन खिडकीबाहेर कापसाच्या वखारी बघत होता. "एमी, मी खेळणार आहे. रोज खेळतोय. कुणाला काही वाटलंय का आजवर?"

कुणाला काही वाटलं नव्हतं हे खरं होतं. एमेटलाही नाही, नोव्हेंबर लागेपर्यंत.

नोव्हेंबरच्या पहिल्या सामन्यात टेटला तीनदा जमिनीवर आपटलं. तिसऱ्या वेळी त्याचं डोकं गवतावर आदळलं आणि तो उठला तो चुकीच्या दिशेने चालू लागला. एमेटने त्याचा दंड धरून त्याला वळवलं, आणि प्रेक्षकांना ते कप्तानाने मित्राला दिलेला आधार वाटलं.

सोमवारी सकाळी फळी अंधाऱ्या खोलीत बसून सामन्याचं चित्रण बघत होती. रिमोट डूलींच्या हातात. त्या तिसऱ्या आपटीपाशी त्यांनी चित्र मागे नेलं, पुढे नेलं. पुन्हा मागे. पडद्यावर ल्युसियन मागे सरकतो, समोरचा गडी बाहेरून वळसा घेतो, आणि जिथे ल्युसियनने उजव्या पायावर भार टाकून अंग झोकून द्यायला हवं तिथे तो हात लांब करतो. फक्त हात. अर्ध्या पावलाचा फरक.

डूलींनी ते पाच वेळा दाखवलं.  मग दिवा लावला आणि म्हणाले, "कॉफी घेऊन या."

ल्युसियन दर सोमवारी राजमा-भात करायचा. त्याच्या आईकडे लुइझियानात सोमवारी तेच असतं, आणि तीन वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. त्या संध्याकाळी तो ओट्याशी उभा राहून डाव हलवत होता. एमेट दारात उभा राहिला.

"तू हातचं राखून खेळतोयस."

डाव थांबला नाही. "गुडघा दुखतो."

"मग बाहेर बस."

"बाहेर बसलो की बातमी."

"मग नीट खेळ."

"नीट खेळलो आणि फाटला, तर?" ल्युसियन वळला. त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे एमेटला जास्त भीती वाटली. "तू सांग. पंचावन्न हजारात किती गुडघा येतो? मी मुद्दाम करत नाही रे. मी ठरवतो की झोकून द्यायचं. आणि त्या क्षणी पायच ऐकत नाही. पायाला माहितीये जानेवारीत काय आहे."

"त्या पोराचं डोकं आपटलं."

"त्या पोराला डोक्याचे सोळा लाख मिळतात," ल्युसियन म्हणाला, आणि लगेच डोळे मिटून घेतले. "नाही. असं नव्हतं म्हणायचं मला."

दोघं जेवले. मग एमेटने भांडी घासली आणि ल्युसियन पायावर बर्फ ठेवून बसला.

गुरुवारी सरावानंतर एमेट बर्फाच्या टाक्यांच्या खोलीत शिरला तर मागच्या मोरीपाशी टेट वाकून ओकत होता. ओकून झाल्यावर तो भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. दिवा नको म्हणाला. उजेड सहन होत नव्हता.

"किती दिवस?" एमेटने विचारलं.

"शनिवारपासून. येतं-जातं."

"डॉक्टरांना माहितीये?"

"तपासणीच्या प्रश्नांची उत्तरं पाठ आहेत मला. महिने उलटे म्हणायचे, पाच शब्द लक्षात ठेवायचे. दरवर्षी तेच असतं." टेटने तोंड पुसलं. "एमेट, नऊ झाले. एक राहिला. एक खेळलो की दहा. मग मी स्वतः जाऊन सांगतो, शपथ."

"टेट—"

"तू म्हणाला होतास, पडू देणार नाही."

 एमेटला एका बाजूने ल्युसियनचा पाय दिसत होता, दुसऱ्या बाजूने हे डोकं, आणि दोन्ही गोष्टी एकत्र माहीत असलेला माणूस जगात तो एकटाच होता. शिवाय एक तिसरी गोष्ट होती, ती त्याने कुणाला सांगितली नव्हती. हे त्याचं शेवटचं वर्ष. सहाव्या विजयानंतर स्टीगरनी त्याला कचेरीत बोलावून सांगितलं होतं की नीट हंगाम पार पाड, पुढच्या वर्षी डूलींच्या हाताखाली तुला घेतो. एमेटला लहानपणापासून प्रशिक्षक व्हायचं होतं. स्टीगर म्हणाले होते, "मला घरातलं घरात ठेवणारी माणसं लागतात."

"एकच," तो टेटला म्हणाला. "मग तू नाही गेलास तर मी जाईन."

टेटने मान हलवली. ती हलवतानाही त्याला कळ आली हे एमेटने पाहिलं.

टेटचा दहावा सामना त्याच शनिवारी, दुपारी. आभाळ शिशासारखं, वारा उत्तरेचा, साठ हजार माणसं. एमेटने सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. पहिला अर्धा भाग ठीक गेला. टेट चेंडू लवकर सोडत होता, ल्युसियन दात आवळून उभा होता. एमेटच्या मनात आलं, होईल. संपेल हे.

चार भागांपैकी तिसऱ्यात सहा मिनिटं उरली असताना मैदानाच्या कडेवरून खूण आली: मधल्याने उजवीकडे सरकून नव्या गड्याला मदत करायची. एमेट चेंडूवर वाकला. समोर पाहिलं, आणि त्याला दिसलं की समोरच्यांचा सगळ्यांत वेगवान गडी जागा बदलून ल्युसियनच्या बाहेरच्या बाजूला गेलाय, आणि पंजांवर उभा आहे. खूण बदलायचा अधिकार एमेटला होता. एक शब्द ओरडला असता तर तो स्वतः डावीकडे सरकला असता. पण तो शब्द ओरडायचा म्हणजे स्टीगरच्या समोर, साठ हजारांच्या समोर सांगायचं की डावीकडे भरवसा नाही. त्याने डावीकडे पाहिलं. ल्युसियनने त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली, म्हणजे, आहे मी.

एमेटने चेंडू मागे दिला आणि उजवीकडे सरकला.

आवाज त्याच्या पाठीमागे झाला. त्याने हजार वेळा ऐकलेला तसा तो आवाज नव्हता. तो वळला तेव्हा टेट पालथा पडलेला होता, एक हात अंगाखाली, आणि त्याला पाडणारा गडी स्वतःच दोन्ही हात हलवून डॉक्टरांना बोलावत होता. ल्युसियन दोन पावलांवर उभा होता. हात अजून लांब केलेले, बोटं उघडी. तो त्या बोटांकडे बघत होता.

स्टेडियम इतकं शांत झालं की झेंड्याच्या दोऱ्या खांबावर आपटताना ऐकू येत होत्या. स्ट्रेचर आलं. टेटचे डोळे उघडे होते, पण त्यात कोणी नव्हतं.

डोक्याच्या आत रक्तस्राव झाला होता. शस्त्रक्रिया झाली. नऊ दिवसांनी तो डोळ्यांनी माणसं ओळखू लागला, आणि बोलायला लागला तेव्हा एकेक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा येई.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एमेटला स्टीगरच्या कचेरीत बोलावलं. तिथे विद्यापीठाची वकील बाई होती, करड्या कोटातली, समोर लॅपटॉप. डूली नव्हते. त्यांनी आदल्या दिवशी राजीनामा दिला होता, कारण न सांगता.

"तू त्याच्या जवळचा होतास," स्टीगर म्हणाले. "तुला काय दिसलं ते सांग, पोरा. एवढंच."

एमेटने आठवडाभर विचार करून ठरवलं होतं. ल्युसियनचं नाव घ्यायचं नाही. ल्युसियनने काय केलं ते ल्युसियनलाच नीट माहीत नव्हतं. आणि घेतलंच तर त्याच्या आईच्या छपरासकट सगळं जाणार. पण गप्पही बसायचं नाही. जे आपल्याकडून झालं ते सांगायचं.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "त्याचं डोकं दुखत होतं. उलट्या होत होत्या. गुरुवारी मी स्वतः पाहिलं. मी सांगायला पाहिजे होतं आणि सांगितलं नाही."

बाईची बोटं चालत होती. "म्हणजे त्याला लक्षणं जाणवत होती."

"हो. पण मला माहीत होतं, मी—"

"आणि त्याने ती तपासणीत सांगितली नाहीत."

"त्याला दहा सामने पुरे करायचे होते. करारात तसं होतं म्हणून तर—"

"जाणूनबुजून सांगितली नाहीत," ती म्हणाली. प्रश्न नव्हता तो. तिने स्टीगरकडे पाहिलं. स्टीगरनी खुर्चीत पाठ टेकवली. त्या खोलीत शिरल्यापासून पहिल्यांदाच त्यांचे खांदे सैल झालेले दिसले. काय झालं ते एमेटला कळलं नव्हतं, पण काहीतरी झालं होतं.

नाताळच्या आधी कळलं. करारात एक कलम होतं. खेळाडूने दुखणं लपवलं तर करार रद्द. टेटचे उरलेले पैसे थांबवण्यात आले. पत्राला पुरावा म्हणून एका सहकाऱ्याचा जबाब जोडला होता, दोन ओळींचा. एमेटने स्वतःवर घेतलेलं त्यात काहीच नव्हतं.

तो स्टीगरकडे गेला. "माझा जबाब मी मागे घेतो."

"खोटा होता का?"

"नाही. अर्धा होता."

"मग पूर्ण कर," स्टीगर म्हणाले. "पूर्ण म्हणजे काय, विचार करून सांग. अजून कुणाकुणाला काय माहीत होतं? कुणी काय राखून खेळलं?"  म्हणजे ती पाच वेळा फिरवलेली चित्रफीत त्यांनीही पाहिली होती. "मी ते विचारत नाहीये. तुझी जागा फेब्रुवारीपासून आहे. इच्छा असेल तर ये."

एमेट परत गेला नाही. त्याने घर रिकामं केलं. ल्युसियनचं सामान आधीच गेलं होतं; जानेवारीचं दार उघडलं त्याच दिवशी प्राइसच्या मित्राने त्याला घेतलं होतं. बिछान्याखाली बुटांचा खोका तेवढा राहिला होता. एमेट बापाच्या दुकानात टायर काढू-घालू लागला.

फेब्रुवारीत एका रविवारी तो सहा तास गाडी चालवून टेनेसीला गेला. दार टेटच्या वडिलांनी उघडलं. उंच, सडपातळ माणूस. त्यांनी त्याला लगेच ओळखलं.

"दोन ओळी," ते म्हणाले. "बस, दोनच ओळी लागल्या तुला."

"हो, सर. मी तुमच्या वकिलाला सगळं लिहून द्यायला आलोय. करारातल्या दहा सामन्यांचं, माझं, सगळं."

"त्याने काय होणार?"

"माहीत नाही, सर."

ते दारातून बाजूला झाले.  "तो विचारत असतो तुझं. अर्ध्या तासाच्या वर नको, थकतो."

टेट मागच्या खोलीत खिडकीशी बसला होता. डोक्याचे केस एका बाजूने नुकते उगवत होते. त्याने एमेटला पाहून डावा हात उचलला. उजवा मांडीवर पडून होता. एमेट समोर बसला आणि त्याने पाठ करून आणलेली वाक्यं बोलायला सुरुवात केली, पण टेटने मान हलवली. त्याला काहीतरी विचारायचं होतं. शब्द यायला वेळ लागत होता. एमेट थांबला.

"ल्युसियन," टेट म्हणाला. "गुडघा. बरा?"

एमेटला आधी नीट ऐकू आलं नसावं असं वाटलं. "तुला माहीत होतं?"

"पहिल्या... दिवसापासून. मी मागे उभा. दिसतं ना." त्याने श्वास घेतला. "सांगितलं असतं... तर त्याचं गेलं असतं."

एमेट उठून खिडकीशी गेला. बाहेर टेटचे वडील आवारात उभे होते, हात खिशात घालून, नव्या घराकडे पाठ करून.

परतीच्या वाटेवर त्याने पेट्रोल पंपावर गाडी थांबवली आणि ल्युसियनला फोन लावला. टेटने काय विचारलं ते सांगितलं. 

"छप्पर झालं आईचं," ल्युसियन म्हणाला. "पत्र्याचं घातलं. छान दिसतं."

"गुडघा?"

"इथे कुणाला बोलू नकोस, एमी. इथला क्वार्टरबॅक एकोणीस वर्षांचा आहे. बावीस लाखांचा. चांगला पोरगा आहे रे."

"सोमवारपर्यंत तू सांग," एमेट म्हणाला. "नाहीतर मी सांगतो. एकदा मी असंच म्हणून गप्प बसलोय. पुन्हा नाही."

"तू असं करणार नाहीस."

"करणार."

ल्युसियनने फोन ठेवला. सोमवारी त्याने सांगितलं नाही. मंगळवारी सकाळी एमेटने दुकानाच्या कचेरीतून त्या विद्यापीठाला फोन केला, तो तीन जणांकडून फिरला, आणि शेवटी एमेट फळीच्या प्रशिक्षकाशी बोलला. उजवा गुडघा, ऑक्टोबरपासून, आणि त्यापायी टेटचं काय झालं तेही. त्या माणसाने सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही थांबवलं नाही. "कळवलंत ते बरं केलंत," तो म्हणाला, "आम्ही बघतो," आणि एमेटचं नाव दोनदा विचारून लिहून घेतलं. त्यानंतर ल्युसियनने त्याचा एकही फोन उचलला नाही.

एप्रिलमध्ये त्या विद्यापीठाचा सरावाचा सामना टीव्हीवर होता. दुकानात दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. एमेटने हात पुसले आणि काउंटरपाशी उभा राहिला. नव्या क्वार्टरबॅकची स्तुती चालली होती. खरंच पोरसवदा होता, हेल्मेटमध्ये गाल फुगलेले. मग कॅमेरा मागे गेला आणि सगळी फळी दिसली.

डावीकडे, टोकाला, ल्युसियन उभा होता. उजव्या गुडघ्याला मांडीपर्यंत काळा जाड पट्टा बांधलेला. त्यांना सांगितलं होतं, त्यांनी पट्टा दिला होता. एमेटचा बाप मागून येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "तुझाच मित्र ना रे तो?"

"हो," एमेट म्हणाला.

मधल्या गड्याने चेंडू मागे दिला. टीव्हीवरचा पोरगा उजवीकडे वळून, हात मागे नेऊन, कुणाला फेकायचं ते शोधू लागला, आणि एमेट त्याच्या पाठीकडे बघत मनात सेकंद मोजू लागला.